उडीमास्तर

एरंडेलाचा वास सहसा कुणाला आवडत नाही. नाक दाबून पाजलेल्या चमच्याची आणि पाठोपाठ जिभेवर ठेवलेल्या गुळाच्या खड्याचीच आठवण त्याच्याशी जोडलेली असते. माझ्यासाठी मात्र तो वास शनिवारच्या दुपारचा आहे. नगरच्या मिशन कंपाउंडातली कौलारू खोली, तिच्यापुढची शेणाने सारवलेली ओटी, आणि मांडीवर कातडी चेंडू घेऊन अंगठ्याने त्याला तेल चोळीत बसलेले आमचे उडीमास्तर. तेल शिवणींतून सावकाश आत जिरत असे आणि कातड्याचा गव्हाळ रंग गडद होत पिकल्या चिंचेवर येत असे. तेव्हाच्या चेंडूला एका अंगाला चामड्याची वादी ओवलेली असे. ती जमिनीवर आदळली की चेंडू भलतीकडेच उसळायचा. मास्तर ती वादी बाळाच्या झबल्याची गाठ मारावी तितक्या हलक्या हाताने आवळत. "चामड्याला तहान लागते, बाळ," ते मला म्हणत. "ते मागत नाही, म्हणून आपण विसरायचं नाही."

त्यांना उडी मारताना मात्र नगरमध्ये कुणीही पाहिले नव्हते. अंगाने ते स्थूल होते, डावा गुडघा आखडलेला होता, आणि पाच पायऱ्या चढल्या तरी कठड्याला हात लावून थांबत. नाव पडले ते त्यांच्या श्रद्धेवरून. बास्केटबॉलच्या जुन्या रीतीत प्रत्येक बास्केट झाली की चेंडू मैदानाच्या मध्यावर परत येई. दोन्ही बाजूंचा एकेक उंच गडी समोरासमोर उभा राही, पंच चेंडू वर उडवी, आणि तो आपल्या बाजूला मिळावा म्हणून दोघे उडी घेत. मास्तरांच्या लेखी सारा खेळ या उडीसाठी जन्माला आला होता. कडीत चेंडू टाकणे हे तिचे निमित्त. तरुणपणी एका अमेरिकन पाद्रीसाहेबाने त्यांना हा खेळ शिकवला. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव लोहाराकडून वाकवून घेऊन त्याने पहिली कडी बसवली, काही वर्षांनी तो बोटीने मायदेशी गेला, आणि मागे एक शिट्टी, एक नियमांचे पुस्तक व मास्तर एवढे ठेवून गेला. "बास्केट झाली, विषय संपला," मास्तर पोरांना सांगत. "घालणारा आन खाणारा, दोघं पुन्हा मध्यावर. देवापुढं उभं राहायचं तसं. कुणाच्या हातात काय न्हाई, चेंडू वर हाय."

रविवारी मिशनच्या देवळात खर्जाचा सूर त्यांचा असे. तोच आवाज संध्याकाळी मुरमाच्या मैदानावर घुमे आणि रस्त्यावरच्या टांग्यांची घोडी कान टवकारीत.

स्वातंत्र्याच्या सुमारास नगरला कॉलेज निघाले तेव्हा खेळ शिकवायला दुसरे होते कोण? मास्तर मिशनच्या शाळेतून कॉलेजात आले, तेही तात्पुरत्या नेमणुकीवर. मी इंटर आर्ट्सला होते. आम्ही मुली थोड्या, आणि मुलांच्या घोळक्यात बसून सामना पाहणे घरच्यांना रुचणारे नव्हते. म्हणून आमच्यासाठी गुणफलकाशेजारी एक वेगळे बाक टाकलेले असे. एके दिवशी मास्तर बाकासमोर येऊन उभे राहिले. "पोरी, नुसतं बसून काय करणार? पत्रे टांग." तेव्हापासून आकड्यांचे पत्रे टांगायचे काम माझ्याकडे आले. काळ्या फळ्यावर खिळे ठोकलेले होते आणि पांढऱ्या रंगात आकडे काढलेले पत्रे त्यांना अडकवायचे. पत्रा खिळ्यावर बसताना 'टिण्' असा बारीक नाद होई. एककाच्या जागी सगळे आकडे होते. दशकाच्या जागी फक्त एक आणि दोन. एका संघाचे तीस गुण होतील ही शक्यता फळा करणाऱ्याच्या मनाला शिवलीच नव्हती.

आणि तशी गरजही नव्हती. मास्तरांच्या खेळात बारा गुण म्हणजे सुगी. बारा विरुद्ध नऊ असा एखादा सामना झाला की तो गावाला महिनाभर पुरे. चेंडू हातातून हातात फिरे, पुन्हा मागे येई, कोपऱ्यातून कोपऱ्यात जाई; पाहणारे लोक श्वास धरून बसत; आणि मग कुणीतरी दोन्ही हातांनी, ओंजळीतून अर्घ्य द्यावे तसा तो कडीकडे सोडी. चेंडू जाळीतून खाली आला की सगळे संथ पावलांनी मध्याकडे चालत. ते चालणे मला फार प्रिय होते. धूळ खाली बसे, कुणी धोतराच्या सोग्याने कपाळ पुशी, चिमण्यांचा आवाज पुन्हा ऐकू येई.

संस्कृतच्या तासाला आम्ही तेव्हा वृत्ते शिकत होतो. मंदाक्रांतेच्या ओळीत ठरल्या जागी यती येतो, आवाज क्षणभर थांबतो, आणि त्या थांबण्याने पुढचे शब्द अधिक गहिरे होतात, हे मी एका शनिवारी ओटीवर बसून मास्तरांना समजावून सांगितले. त्यांचा अंगठा चेंडूवर थांबला.

"म्हणजे कवितेतसुद्धा दम घेतात?"

"घेतात, मास्तर."

"मग त्या रशीदला तेवढी कविता शिकव."

रशीदच्या वडिलांचे कापडबाजारात दुकान होते, आणि रशीदच्या अंगात पारा होता. लढाईच्या वर्षांत कँपात आलेले गोरे सोल्जर संध्याकाळी हा खेळ खेळत. तारेच्या कुंपणाला नाक लावून रशीदने तो पाहिला होता. ते एका हाताने चेंडू फेकत, धावता धावता फेकत, आणि उडीसाठी मध्यावर कधी येतच नसत. रशीदने ते उचलले. पहिल्यांदा त्याने एका हाताने बास्केट केली तेव्हा मास्तरांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला.

"भिक्षा घालतोस का रे? दुसरा हात घरी ठेवलास?"

"मास्तर, कडी हात मोजत नाही. चेंडू आत गेला ना?"

"चोर पण घरात आतच जातो."

पोरे हसली, रशीदही हसला, पण दुसऱ्या दिवशी आणखी दोघे एका हाताने फेकू लागले. माझ्या फळ्यावर ते आधी उमटले. पंधरा, अठरा, बावीस. पावसाळा सरता सरता सव्वीस. सामना संपल्यावर मास्तर फळ्यापाशी येत, आणि घरातल्या आजारी माणसाच्या काखेतली नळी काढून उजेडाला धरावी तसे त्या आकड्यांकडे पाहत. "ताप चढतोय," एवढेच म्हणत. तिसासाठी नवा पत्रा करून घ्यावा असे मी सुचवले, तर म्हणाले, "करायचा नाही." रशीदने मुद्दाम विचारले, "आणि एकतीस झाले तर, मास्तर?"

"तर वैद्याला बोलवायचं. पोट फुगलं समजायचं."

पाहणारेही बदलत चालले होते. पूर्वी लोक विचारीत, "कुणी कुणाला दिला? कसा सोडवला?" आता उशिरा येणारा माणूस सायकल भिंतीला टेकवण्याआधीच ओरडे, "किती झाले?" मी टांगलेला आकडा पाही, समाधानाने मान डोलवी, आणि मैदानाकडे वळून पाहण्याआधी पान लावायला घेई.

थंडीच्या दिवसांत प्राचार्यांनी मास्तरांना बोलावून घेतले. ते वाईट गृहस्थ नव्हते. नव्या कॉलेजचे नाव व्हावे अशी त्यांची घाई होती. माघात पुण्याच्या एका कॉलेजचा संघ आमच्या मैदानावर येणार होता. सामना जिंकला तर मास्तरांची नेमणूक कायम होईल. हरला तर जूनपासून पुण्याचे पदविकाधारक शिक्षक येतील. आणि खेळ नव्या नियमांनी होईल: उडी फक्त सुरुवातीला, बास्केट झाली की जिच्यावर झाली त्या बाजूने आपल्या कडीमागच्या रेषेबाहेरून लगेच चेंडू आत टाकायचा, आणि खेळ पुढे चालू. हा नियम बाहेरच्या जगात तोवर जुनादेखील झाला होता. नगरच्या वेशीबाहेर तो इतकी वर्षे मास्तरांनी एकट्याने थोपवून धरला होता.

त्यांनी वाद घातला नाही. घरी येऊन मास्तरीणबाईंना म्हणाले, "शिकवतो." मास्तरीणबाई ज्वारी पाखडीत होत्या. त्यांनीच मला पुढे सांगितले, "भिंतीकडं तोंड करून उभे राहतात आन स्वतःशी म्हणतात, मागं पळा, मागं पळा. म्या म्हणलं, कुणापासून पळायचंय? तर म्हणतात, तुला कळायचं न्हाई, तू चूल बघ." बाई हसल्या. मग सुपातले दाणे नुसतेच बोटांनी सारीत राहिल्या. ही खोली मिशनची होती, पण ती मैदानाच्या कामासाठी दिलेली होती. मैदान गेले की खोलीही जाणार होती.

पुढचे काही आठवडे मैदानावर मी जे पाहिले ते कधी पाहिले नसते तर बरे झाले असते. एक म्हातारा होऊ घातलेला माणूस आपल्याच हातांनी बांधलेले मोडीत होता. बास्केट झाली की सवयीने पोरे मध्याकडे वळत, आणि मास्तर खर्ज फाटेपर्यंत ओरडत, "आरं मागं! मागं पळा!" आमच्याकडे पाथर्डीच्या बाजूचा एक फार उंच मुलगा होता, त्याला सगळे शेवगा म्हणत. लहानपणापासून मिशनच्या बोर्डिंगात मास्तरांच्या हाताखाली वाढलेला. मध्यावरची उडी हीच त्याची सारी विद्या. तो दमून कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"मास्तर, इतकी वर्सं मधी या म्हनलात, आता मागं जा म्हनताय. पायाला काय सांगू?"

"पायाला सांग, मास्तरची नोकरी हाय."

शेवग्याने मान खाली घातली आणि मागे पळून दाखवले. त्यानंतर मास्तरांना फारसे ओरडावे लागले नाही. माघ उजाडेपर्यंत पोरे मागे पळायला शिकली होती.

सामन्याच्या दिवशी अर्धे नगर मैदानाभोवती लोटले होते. बोरे, भाजलेले हरभरे, विडीचा धूर, नुकत्याच शिंपडलेल्या मुरमाचा थंड गंध. पुण्याची मुले पांढऱ्या बनियनांत आली होती. त्यांच्या पायांत रबरी तळव्यांचे बूट होते. आमच्यापैकी दोघे अनवाणी होते. मास्तरांनी त्या दिवशी देवळात घालायचा काळा कोट घातला होता. ते रेषेबाहेर खुर्चीवर बसले, पण खुर्चीवर ते टेकले असे मला एकदाही दिसले नाही.

खेळ दृष्टीला पेलणार नाही इतक्या वेगाने झाला. पत्रे बदलता बदलता माझी बोटे दुखू लागली. रशीद एका हाताने टाकीत होता, शेवगा मागे पळत होता. मास्तरांनी तोंड घट्ट मिटून घेतले होते. जबडा हललेला लांबूनही दिसे. शेवटची मिनिटे आली तेव्हा पुण्याचे सत्तावीस होते, आमचे सव्वीस. आणि तेव्हा आमच्या पोरांनी, कुणी न सांगता, चेंडू सावकाश फिरवायला सुरुवात केली. तो जुना खेळ होता. रशीदने फेकायची संधी सोडून चेंडू मागे दिला, तो कोपऱ्यात गेला, पुन्हा बाहेर आला, लोकांचा श्वास थांबला, आणि शेवग्याने तो छातीपाशी घेऊन दोन्ही हातांनी वर सोडला. चेंडू कडीला न शिवता जाळीतून खाली उतरला.

अठ्ठावीस. मी पत्रा खिळ्याकडे नेला. त्याच क्षणी मास्तर उठून रेषेपाशी आले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. वीस वर्षे उतरली होती त्यावरून. हात मैदानाच्या मध्याकडे उंचावून, रविवारच्या त्या भरघोस खर्जात ते म्हणाले, "शाब्बास! चला, मध्यावर!"

आणि पाचही जण मध्याकडे चालू लागले.

शेवगा निघाला, त्याच्यामागे बाकीचे, आणि ज्याने आयुष्यात कधी थांबायचे नाव घेतले नव्हते तो रशीदसुद्धा. लोकांच्या माना मध्याकडे वळल्या. माझीही वळली. चेंडू वर कोण उडवणार याची सारे नगर वाट पाहत होते. दुसऱ्या टोकाला पुण्याच्या मुलाने रेषेबाहेरून चेंडू आत टाकला, दुसऱ्याने तो उचलला, आमच्या मोकळ्या कडीपर्यंत नेला, आणि तिथे कुणीच नसल्यामुळे जरा संकोचूनच आत टाकला. ते दिसले तेव्हा शेवगा मध्याच्या वर्तुळात हात वर करून उभा होता. एकोणतीस आणि अठ्ठावीस. काही क्षणांतच सामना संपल्याची शिट्टी झाली.

मास्तरांचा हात अजून उचललेला होता. तो खाली घ्यायचा राहून गेला होता.

कुणी त्यांना बोल लावला नाही. पुण्याचा कप्तान सुसंस्कृत घरचा मुलगा असावा. तो येऊन म्हणाला, "सर, फार सुरेख खेळली तुमची मुलं." मास्तर म्हणाले, "खेळली. मीच खेळू दिलं नाही." शेवगा त्यांच्या पायांशी मुरमावर बसून राहिला. "तुमी बोलला आन पाय आपोआप गेलं वो, मास्तर," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. रशीद भिंतीकडे तोंड करून उभा होता. मास्तरांनी शेवग्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग कोटाची गुंडी लावली, आणि प्राचार्यांच्या खोलीकडे, कुणी बोलावण्याआधीच, आखडलेला पाय ओढीत चालत गेले.

पावसाळा लागेपर्यंत ते मिशनच्या खोलीत राहिले. शनिवारी ओटीवर बसत, पण मांडीवर काही नसे. कॉलेजचा चेंडू कॉलेजात होता. जूनमध्ये नवे सर आले. त्यांनी मुरूम खरवडून मैदान कडक केले, नवा चेंडू मागवला आणि फळाही नवा करून घेतला. त्यावर दशकाच्या जागी नऊपर्यंत आकडे होते. ते टांगायला शिपाई ठेवला. आम्हा मुलींचे बाक वर्गात गेले. एकदा संध्याकाळी मास्तर सामान बैलगाडीत चढवून निघाले तेव्हा मी रस्त्यापर्यंत गेले. मैदानावर सराव चालला होता. मास्तरीणबाई गाडीतून म्हणाल्या, "बघून घ्या एकदा." मास्तरांनी मान वळवली नाही. गाडी नेवाशाच्या रस्त्याला लागली.

पुढच्या वर्षी आमचा संघ पुण्याला गेला आणि त्याच कॉलेजाला हरवून आला. पोरे परतण्याआधी बातमी पोचली होती. दूधवाला तोच आकडा सांगे, टपालवाला तोच, बाजारातल्या भाजीवाल्या बायकाही तोच. त्या आठवड्यात मावशीबरोबर मला देवदर्शनाला नेवाशाला जायचे होते. ही बातमी मीच मास्तरांना द्यावी असे मनाने घेतले. त्यांना अर्धांगाचा झटका आल्याचे मला कळले होते. पण आनंदाने थोडे तरी बरे वाटेल, अशी माझी त्या वयातली समजूत होती.

प्रवरेच्या काठापासून जरा आत त्यांच्या भावाचे घर होते. मास्तर बाजेवर उशांना टेकून होते. ते भव्य अंग वाळून गेले होते. उजवा हात चादरीवर परक्या वस्तूसारखा पडला होता. खोलीत ओव्याच्या धुरीचा वास कोंदला होता. मास्तरीणबाई वाटीतून पेज भरवीत होत्या. "ओळखतात," त्या म्हणाल्या. "बोलतातबी, पण ते मलाच कळतं. बस, बाळ."

मी बाजेजवळ बसले. त्यांचा डावा डोळा माझ्यावर स्थिर झाला.

"मास्तर, आपण पुण्याला हरवलं! पुण्यात जाऊन हरवलं. रशीदनं कमाल केली म्हणे. शेवगापण खेळला. मास्तर, आपले त्रेसष्ट झाले!"

"ऐकलंत का?" मास्तरीणबाईंनी वाटी खाली ठेवली. "त्रेसष्ट म्हणतीय ती! अहो, त्रेसष्ट!"

त्यांच्या घशात काहीतरी हलले. ओठाचा एक कोपरा वर गेला, दुसरा गेला नाही. घरघरीतून अर्धवट आवाज निघाला, आणि बाईंनी सवयीने कान जवळ नेला. "पाणी म्हणतायत," त्या म्हणाल्या. मास्तरांनी नकाराने मान हलवली. "उशी सरकवू का?" त्यांनी पुन्हा मान हलवली, या वेळी चिडून, आणि डावा हात उचलून बाईंना बाजूला केले. मग माझ्याकडे पाहत, कपाळाच्या शिरा तटतटून येईपर्यंत सगळे बळ जिभेवर गोळा करून, त्यांनी मला स्पष्ट विचारले,

"त्यांचे?"